खिशात खाऊ ठेवा: नवीन पिल्लाला शी-शू कुठं करायची ते शिकवणं

पिल्लू घरात आलं की पहिल्या दिवशी सगळे फोटो काढतात, नाव काय ठेवायचं यावर भांडतात, आणि दोन-तीन दिवसांत आतून आईचा आवाज येतो, "अरे हे घरभर मुतत सुटलंय, काहीतरी कर याचं नाहीतर ठेवून ये गावाकडं." मग शेजारचे काका, ऑफिसातला कोणीतरी, गल्लीतला कुत्री पाळणारा एखादा अनुभवी भाऊ, सगळ्यांचा सल्ला एकच असतो, नाक घास त्यात आणि दोन टपल्या दे, बरोबर लाईनीवर येतंय. तसं येत नाही. काही पिल्लं सुधारतात हे खरं, पण ती वय वाढलं म्हणून सुधारतात, आणि तोवर तुम्हाला घाबरायला शिकलेली असतात ते वेगळंच.

पिल्लाच्या डोक्यात "घर" आणि "बाहेर" असली काही विभागणी नसते. त्याला एवढंच कळतं की या ठिकाणी केलं तर काहीतरी भारी मिळतं आणि त्या ठिकाणी केलं तर काहीच होत नाही. म्हणून आपलं काम दोनच गोष्टींचं आहे, योग्य जागी करायची संधी त्याला सारखी मिळेल अशी व्यवस्था करायची, आणि केलं की त्याच सेकंदाला बक्षीस द्यायचं. बाकी सगळं त्या दोन गोष्टींचे डिटेल्स. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या प्राणी-वर्तन संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतलीय की कुत्र्याला काहीही शिकवायचं असेल तर बक्षिसाचीच पद्धत वापरा, मार-धाक नको. त्यामुळं हे काय फक्त लाडावलेल्या लोकांचं फॅड नाही.

आधी त्याचं शरीर समजून घ्या

जन्मल्यावर पहिले तीनेक आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू जमतच नाही, आई चाटून करवते आणि साफ पण तीच करते. त्यानंतर पिल्लं झोपायच्या जागेपासून लांब सरकून करायला लागतात, म्हणजे झोपतो तिथं घाण नको ही बुद्धी उपजतच असते. आणि साधारण ८-९ आठवड्यांपर्यंत पायाखाली काय लागलं की मोकळं व्हायचं याची आवड ठरत जाते. माती, गवत, फरशी, पेपर, जे त्या वयात पायाखाली असेल ते.

म्हणून पिल्लू आणताना, मग ते ब्रीडरकडचं लॅब असो नाहीतर गल्लीतलं गावठी, एक प्रश्न नक्की विचारा, हे आत्तापर्यंत कशावर करत होतं? शेतावरच्या घरात वाढलेलं कारवानी जातीचं पिल्लू मातीवर सोडलं की लगेच बसतं, त्याला शिकवायला जवळजवळ काही लागत नाही. याउलट पिंजऱ्यात पेपरवर कोंबून ठेवलेलं शिह त्झू किंवा पॉम असेल तर त्याची ती उपजत बुद्धी पण बोथट झालेली असते, झोपायच्या जागीच करायची सवय लागलेली असते, तिथं डबल पेशन्स लागणार हे आधीच मनाशी धरा. आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कोणी देत असेल तर घेऊ नका, आईजवळ राहू दे.

दुसरं म्हणजे कंट्रोल. ढोबळ हिशेब असा की दिवसा पिल्लू वयाच्या महिन्यात एक मिळवला तितके तास जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांचं म्हणजे तीन तास, आणि हे सुद्धा शांत झोपून असलं तर. जागं असेल, खेळत असेल तर तासाभरात पण होतं, कधी वीस मिनिटांत दोनदा. ते मुद्दाम करत नाही ओ, त्याला धरताच येत नाही. सहा महिन्यांच्या बाळाकडून आपण अशी अपेक्षा करत नाही, पण पिल्लाकडून का करतो कोण जाणे.

जागा ठरवा, आणि एकदा ठरवली की बदलू नका

कोल्हापुरात घरं तीन तऱ्हेची. कसबा बावडा, कळंबा, फुलेवाडी अशा भागात ज्यांना परडं किंवा अंगण आहे त्यांनी एक कोपरा ठरवायचा, शक्यतो मातीचा, आणि दरवेळी तिथंच न्यायचं. सगळं परडं मोकळं सोडलं तर पिल्लू फुलपाखरामागं पळतं, वास घेतं, वीस मिनिटं मजा करतं आणि आत येऊन सोप्यात मुततं, हे तुम्ही बघितलं असणारच.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतली जुनी घरं, दार उघडलं की थेट गल्ली. इथं अडचण डोसची, म्हणजे लसींची आहे. पार्व्हो नावाचा आजार दुसऱ्या कुत्र्याच्या शीतून पसरतो आणि त्याचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळं ज्या गल्लीत मोकाट कुत्री फिरतात तिथं डोस पूर्ण न झालेलं पिल्लू खाली ठेवायचं नाही. डोस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजचं तीन महिन्यांच्या आसपास. तोपर्यंत गच्ची वापरा. भाजीचा एखादा मोठा उथळ क्रेट किंवा प्लास्टिकचा ट्रे घ्या, तळाला प्लास्टिक टाका, त्यात माती भरा, नर्सरीतून हिरवळीचा तुकडा मिळाला तर उत्तमच. पायाखाली माती-गवत लागलं पाहिजे, कारण पुढं जाऊन त्यानं बाहेर मातीवरच करावं असं आपल्याला वाटतंय.

ताराबाई पार्क, राजारामपुरीतल्या फ्लॅटवाल्यांचं पण तेच, गॅलरीत तसा ट्रे. पेपर किंवा पी-पॅड (शू शोषून घेणारे पॅड) वापरले तर चालतील, पण माझं मत विचाराल तर नाईलाज असेल तरच. पेपरवर शिकलेल्या पिल्लाला पुन्हा नव्यानं बाहेर शिकवावं लागतं, आणि दरम्यान आजोबांनी खुर्चीशेजारी ठेवलेला 'पुढारी' आणि त्याचा पेपर यात फरक काय ते त्याला कळत नाही. काहीजण मोरीत किंवा न्हाणीत शिकवतात, पाणी ओतलं की झालं म्हणून. सोयीचं आहे, पण ओल्या गुळगुळीत फरशीवर करायची सवय लागली की अख्खं घर फरशीचंच असतं हे ध्यानात असू द्या.

खाऊ कसला

बाजारातली बिस्किटं चालतात पण बहुतेक पिल्लांना ती रोजची झाली की त्यांचं काही वाटत नाही. शी-शूचं बक्षीस हे दिवसातलं सगळ्यात भारी बक्षीस पाहिजे, बाकी कशासाठीच न मिळणारं. उकडलेलं चिकन, बिनमिठाचं बिनमसाल्याचं, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून डब्यात फ्रीजला. रविवारी घरात चिकन असतंच, कांदा-लसूण पडायच्या आधी दोन तुकडे बाजूला काढून उकडायचे, एवढं बस्स. रश्श्यातला तुकडा धुऊन देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक. व्हेज घर असेल तर पनीरचे बारीक तुकडे, उकडलेलं गाजर. बेदाणे-मनुके मात्र चुकूनसुद्धा नकोत, आपल्याकडं तासगावचा बेदाणा प्रत्येक घरात डबाभर असतो आणि पोरं कौतुकानं एखादा देतात, पण द्राक्षं आणि मनुक्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. चॉकलेट पण नाही.

तुकडा एवढुसाच हवा. दिवसातून दहा-बारा वेळा द्यायचाय, मोठा दिला तर पोट बिघडेल, आणि बिघडलेल्या पोटाच्या पिल्लाला ट्रेनिंग देणं म्हणजे फुकटची दमछाक.

पोटाचं निघालंच आहे तर दुधाबद्दल बोलूया. आपल्याला अभिमान आहे दुधाचा, गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध पिणारी माणसं आपण, त्यामुळं पिल्लू आलं की वाटीभर दूध आणि त्यात चपाती कुस्करून. पण आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना दुधातली साखर पचत नाही, आणि म्हशीचं दूध तर दाट. पातळ शी व्हायला लागली की पिल्लाला दारापर्यंत जायचा पण वेळ मिळत नाही. ट्रेनिंग लागत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी खायला काय घालता तेच विचारतो, आणि निम्म्या वेळा उत्तर तिथंच सापडतं.

जेवणाचं टायमिंग

वाटी दिवसभर भरून ठेवायची नाही. आत जायची वेळ ठरली की बाहेर यायची वेळ आपोआप ठरते. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, पुढं सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन. वाटी ठेवली की पंधरा-वीस मिनिटांनी उचलायची, उरलं तरी. पाणी मात्र दिवसभर समोर असू दे, शू होते म्हणून पाणी तोडणारे लोक असतात, तसलं अजिबात करायचं नाही, कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर नाहीच. रात्री झोपायच्या तासभर आधी भांडं उचललं तर चालतं.

पोटात अन्न पडलं की आतडं हलायला लागतं, त्यामुळं खाल्ल्यावर पाच मिनिटं ते अर्धा तास या दरम्यान शी येणार. शिवाय न्यायच्या ठरलेल्या वेळा म्हणजे झोपेतून उठल्या उठल्या, मग ती झोप पाच मिनिटांची का असेना, खेळ थांबल्यावर, भरपूर पाणी प्यायल्यावर, घरात पाहुणे येऊन गडबड झाल्यावर, आणि यातलं काहीच झालं नाही तरी जागेपणी तासाला एकदा. फ्रीजवर कागद चिकटवा आणि ज्यानं नेलं त्यानं वेळ लिहायची, शी का शू ते लिहायचं. चार दिवसांत तुम्हाला दिसेल की तुमच्या पिल्लाची शी सकाळच्या खाण्यानंतर साधारण किती मिनिटांनी येते, प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ते एकदा कळलं की अर्धी लढाई जिंकली.

बाहेर नेल्यावर नक्की काय करायचं

हा भाग नीट वाचा, बहुतेकांचं इथंच घोडं अडतं.

उठलं की उचलून न्या, लहान पिल्लाला चालवत नेलं तर दाराशी पोचायच्या आतच पायपुसण्यावर काम उरकतं. ठरलेल्या जागी पट्टा लावून खाली ठेवा, परडं बंदिस्त असलं तरी पट्टा हवाच. आणि मग तुम्ही झाडासारखे उभे राहा. बोलू नका, खेळू नका, मोबाईल काढला तर चालेल पण नजर पिल्लावर. तुम्ही बोअरिंग असलात की ते जमीन हुंगायला लागतं. हुंगत हुंगत एका जागी परत परत येतं, गोल फिरतं, मागचे पाय जरा जवळ घेतं. बसलं की हळू आवाजात एकदाच म्हणा, "शू", किंवा शी असेल तर "शी". आपण बाळांना म्हणतो तेच, घरातल्या आजीला पण वेगळं शिकवावं लागत नाही. काही आठवड्यांनी हाच शब्द ऐकून पिल्लू करायला लागतं, प्रवासात गाडी थांबवून कराडच्या अलीकडं कुठंतरी उभं राहायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

करत असताना मध्येच कौतुक सुरू करू नका. "अरे वा, गुड बॉय" म्हणून ओरडलात की ते अर्धवट सोडून तुमच्याकडं पळत येतं आणि उरलेली अर्धी शू घरात होते. पूर्ण होऊ दे. संपलं, उठलं, त्या क्षणी "शाब्बास" आणि लगेच खिशातला तुकडा तोंडात, तिथंच, त्याच जागी, एक-दोन सेकंदांत.

खिशात हा शब्द महत्त्वाचा. मंगळवार पेठेतल्या माझ्या एका मित्राकडं बीगल आहे, घर दुसऱ्या मजल्यावर, गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट. चिकनचा डबा वर फ्रीजमध्ये. पिल्लानं खाली शू केली की हा त्याला शाबासकी देत जिना चढायचा आणि वर आल्यावर फ्रीज उघडून तुकडा द्यायचा, आणि मला फोन, की बक्षीस देतोय तरी हे खाली नीट करत नाही, नुसतं जिन्याकडं ओढतं. ओढणारच की. पिल्लाच्या हिशेबानं बक्षीस शू केल्याचं नव्हतंच, जिना चढून फ्रीजसमोर बसल्याचं होतं, आणि ते बिचारं इमानदारीत लवकरात लवकर जिना चढायला बघत होतं, शू दोन थेंब करून. डबा खिशात गेला आणि आठवड्याभरात ओढणं बंद झालं. म्हणून सांगतो, जुनी कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी, छोटी झिपची पिशवी, काहीही, ती दाराजवळ पट्ट्याशेजारी लटकवा, म्हणजे पट्टा उचलला की ती हातात येतेच.

खाऊ दिल्यावर लगेच आत आणू नका. दोन-चार मिनिटं तिथंच खेळा, डोस झाले असतील तर आता फिरायला न्या. नाहीतर ते हुशार होतं, केलं की मजा संपते हे त्याला कळतं आणि मग धरून धरून फिरत राहतं. आधी काम मग फिरणं, हा क्रम लागला की रंकाळ्यावर फिरायला नेतानासुद्धा ते गेटबाहेरच मोकळं होऊन घेतं.

पाच मिनिटं उभे राहिलात आणि काहीच केलं नाही तर? आत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या नाहीतर पट्टा कमरेला बांधा, दहा-पंधरा मिनिटांनी परत न्या. परत नाही, परत आत, परत बाहेर. कंटाळवाणं आहे, मान्य. पण "बाहेर काही केलं नाही आणि आत सोडल्यासोडल्या केलं" ही जी तक्रार असते ना, तिचं औषध हेच आहे.

आत असताना

नियम साधा, एक तर पिल्लू तुमच्या डोळ्यासमोर असेल नाहीतर छोट्या जागेत असेल. तिसरा पर्याय नाही. घरभर मोकळं आणि तुम्ही स्वयंपाकघरात, म्हणजे सोफ्यामागं काहीतरी झालेलंच असणार.

डोळ्यासमोर ठेवायला सगळ्यात सोपं म्हणजे पट्टा कमरेला. छोट्या जागेसाठी क्रेट, म्हणजे कुत्र्यासाठीचा दाराचा पिंजरा घ्या किंवा लोखंडी जाळीचं पार्टिशन करून एक कोपरा अडवा. क्रेट एवढाच मोठा की त्यात उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल. ऐसपैस घेतलात तर एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला करतं. क्रेटमध्ये आत खाऊ टाकून, दार उघडं ठेवून सवय लावायची, आणि शिक्षा म्हणून तिथं कधीच कोंडायचं नाही. वर सांगितलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ तर नाहीच. नवरा-बायको दोघं दिवसभर कामावर असतील तर मधे येऊन नेणारं कोणीतरी लागेल, सासू-सासरे, शेजारी, कॉलेजचा पोरगा, कोणीही, नसेल तर जाळीत ट्रे ठेवून द्या आणि उशीर लागेल हे स्वीकारा.

पायपुसणी, गोधड्या, सतरंज्या काही महिने गुंडाळून माळ्यावर. पाणी शोषणारं मऊ काही पायाखाली आलं की पिल्लांना मोकळं व्हावंसं वाटतं.

इशारे ओळखायला शिका. खेळणं तोंडातून टाकून अचानक बाजूला निघून जाणं, नाक खाली घालून फरशीचा एकच चौकोन हुंगत राहणं, दाराकडं बघणं, पडद्यामागं जाणं, आणि शीच्या आधी शेपटीच्या मुळाशी जरा ताठपणा येतो तो. हे दिसलं की वाक्य पूर्ण करत बसायचं नाही, उचलायचं.

घरात झालंच तर

होणारच आहे. करताना रंगेहाथ सापडलं तर हलकी टाळी किंवा "ए चल चल" म्हणून उचला आणि बाहेर न्या, उरलेलं बाहेर केलं तर खाऊ द्या, पूर्ण द्या, हात आखडता घेऊ नका. नंतर सापडलं तर काहीच करायचं नाही, पुसायचं आणि गप्प बसायचं.

"पण त्याला कळतंय हो, चूक केलीय म्हणून बघा कसं तोंड पाडून बसतंय." हे सगळ्यांना वाटतं. २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी हेच तपासलं. मालक बाहेर गेल्यावर कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्ला का नाही, याची खरी-खोटी माहिती मालकाला दिली. निघालं असं की ते अपराधी तोंड मालक रागावला की दिसतं, कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो. म्हणजे ते तुमचा चेहरा वाचून घाबरलेलं असतं, बाकी काही नाही. आणि ओरडा खाल्लेलं पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर मुतणं धोक्याचं आहे, मग ते कपाटामागं जाऊन करतं, आणि तुम्ही बाहेर पट्टा धरून उभे राहिलात तरी तुमच्यासमोर करायला तयार होत नाही, त्यामुळं तुम्हाला बक्षीस द्यायची संधीच मिळत नाही. सगळा खेळच उलटा होतो.

पुसायचं कसं, तर आधी जुन्या फडक्यानं टिपून घ्या. फिनेल ओतल्यानं आपल्या नाकाला वास जातो, त्याच्या नाकाला नाही, आणि काळं फिनेल तर चाटलं तर घातक. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वासाचं मूळच मोडतं, तेच वापरा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवून मग पुसा. अमोनियावालं काहीही नको, मुताचाच वास तो, पिल्लाला आमंत्रण. घरी धुणंभांडी, फरशीला मावशी येत असतील तर त्यांना बाटली दाखवून सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही महिनाभर खपणार आणि त्या सवयीनं बादलीत फिनेल टाकणार.

रात्र

क्रेट तुमच्या पलंगाशेजारी. लांब ठेवलात तर कुईकुई ऐकू येणार नाही, आणि तोच त्याचा निरोप असतो. झोपायच्या अगदी आधी एकदा बाहेर, मग दोन महिन्यांच्या पिल्लासाठी रात्री एक किंवा दोनदा अलार्म. नेताना मोठे लाईट नाहीत, गप्पा नाहीत, करून झालं की तुकडा द्या आणि परत आत झोपवा. रात्री मजा येते असं वाटलं की ते मजेसाठीच उठवायला लागेल. वय वाढेल तसा अलार्म पंधरा-वीस मिनिटांनी पुढं सरकवत न्या, बरीच पिल्लं चार महिन्यांच्या आसपास रात्र काढायला लागतात.

आपला पाऊस

जून ते सप्टेंबर पिल्लू आणलंत तर वेगळं प्लॅनिंग लागतं. झड लागली की आपल्यालाच बाहेर पडावंसं वाटत नाही, त्याला तर पोटाखालून ओलं गवत लागतं आणि ते दारातच पाय रोवून उभं राहतं. घराला लागून पत्र्याखाली, पोर्चमध्ये, जिन्याखाली जरा तरी कोरडी राहणारी जागा आधीच बघून ठेवा आणि तिथं मातीचा ट्रे ठेवा. छत्री उघडायचा आवाज झाला की काही पिल्लं बिथरतात, म्हणून उन्हाच्या दिवशी घरातच छत्री उघडायची, तुकडा द्यायचा, मिटायची, परत उघडायची. पावसात केलं तर दोन तुकडे, डबल काम डबल पगार.

पावसात सगळा वास धुऊन जातो, त्यामुळं जागा ओळखायला त्याला त्रास होतो. थोडी शू टिपलेला कागदाचा तुकडा ट्रेमध्ये ठेवला तर मदत होते. आणि साचलेल्या पाण्यात उभं करू नका, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, पंचगंगा पात्राबाहेर आलेली असताना तर नदीकडच्या भागात जास्तच जपायचं. तुमच्या पिल्लाला दिलेल्या डोसमध्ये लेप्टो आहे का ते डॉक्टरांना विचारून घ्या.

खाऊ कधी कमी करायचा

लोक घाई करतात. दोन दिवस घर कोरडं राहिलं की बक्षीस बंद. किमान काही आठवडे दरवेळी द्या. मग कधी तुकडा, कधी नुसतं शाब्बास, कधी बॉल, असं मिसळा. सलग महिनाभर एकही गडबड नसेल तर एकेक खोली मोकळी करा, एकदम सगळं घर नको. साधारण चार ते सहा महिन्यांत बऱ्यापैकी भरवसा येतो, छोट्या जातींना जास्त लागतात, आणि वर्षापर्यंत अधूनमधून चुकलं तर त्यात नवल नाही.

दाराच्या कडीला घुंगरू बांधून, दरवेळी बाहेर जाताना त्याच्या नाकानं किंवा पंजानं वाजवायला शिकवलं तर पुढं ते स्वतःच वाजवून सांगतं. भारी वाटतं. फक्त काही हुशार पोरं खेळायला जायचं म्हणून पण वाजवत सुटतात, तेव्हा वाजवलं की पट्ट्यावर थेट शूच्या जागी, पाच मिनिटं, आणि आत.

सगळं सुरळीत असताना मधेच बिघडतं पण. पेठेतल्या टीमनं फुटबॉलची मॅच जिंकली आणि गल्लीत फटाक्यांची माळ लागली, गणपतीत डॉल्बी आली, दिवाळी आली, घाबरलेलं पिल्लू बाहेर जाऊन करत नाही आणि आत येऊन करतं. तेव्हा पहिल्या आठवड्याच्या टाइमटेबलवर परत जायचं, आवाज सुरू व्हायच्या आधी फिरवून आणायचं, आणि खाऊ परत दरवेळी. सहा-नऊ महिन्यांचा नर जर टेबलाच्या पायावर, गाडीच्या टायरवर पाय वर करून चार थेंब टाकायला लागला तर ते हद्द आखणं आहे, त्याचं ट्रेनिंग वेगळं, डॉक्टरांशी नसबंदीबद्दल पण बोला. आणि तुम्ही घरी आल्यावर आनंदानं लोळण घेत घेत जे थोडं सांडतं ते शूच्या सवयीत मोजू नका. आल्या आल्या लगेच वाकून लाड करू नका, ते शांत झालं की करा, बहुतेक वयानं जातं.

पण चांगलं शिकलेलं पिल्लू अचानक सारखं सारखं थोडं थोडं करायला लागलं, करताना कण्हतंय, रंग लालसर वाटतोय, सारखं तिथं चाटतंय, झोपेत गादी ओली होतेय, किंवा पाणी प्रमाणाबाहेर पितंय, तर तो ट्रेनिंगचा प्रश्न नाही, लघवीचं इन्फेक्शन किंवा आणखी काही असू शकतं. शीत रक्त, उलट्या, मलूलपणा असेल तर त्याच दिवशी दवाखाना, पार्व्होत तासाला किंमत असते. लघवी तपासायला सांगितली तर सकाळची पहिली घ्यायची, पट्टा धरून उभे राहा आणि पिल्लू बसल्याबसल्या मागून हळूच एक उथळ स्वच्छ वाटी सरकवा, बाटलीत भरून शक्य तितक्या लवकर लॅबला द्या. शू करायला शिकलेल्या शब्दाचा इथं परत उपयोग होतो. आणि ती वाटी नंतर स्वयंपाकघरात नेऊ नका, आई ओळखते.